वाटसरूचं ताट

हर्मीना गेली तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या, बिचारी सुटली. असा संताप आला मला! सुटली कसली? जिला मरायची अजिबात घाई नव्हती अशी बाई होती ती. नातीला चालताना बघायचं होतं, तिला लोकरीचा झगा विणायचा होता, माझ्याशी आणखी दहा-बारा वर्षं भांडायचं होतं. आणि या म्हणतात सुटली! तेव्हा मी गप्प बसले, कारण खरं काय ते सांगितलं असतं तर मलाच खुळ्यात काढलं असतं. आता मात्र सांगून टाकते. माझ्याकडे फार वेळ नाही, आणि तो का नाही ते ऐकता ऐकता कळेलच.

मी ओतीलिया, हर्मीनाची ओत्का. आमच्या लूच्ना गावच्या शाळेत जन्मभर पोरांना रांधून घातलं, आता पेन्शन खाते. लग्न केलं नाही. ज्यानं मला विचारलं तो मला नको होता आणि मला जो हवा होता त्यानं हर्मीनाला विचारलं. त्याचं नाव वेंडेलीन. जंगलखात्यात लाकूडतोड्यांचा मुकादम होता, हसायला लागला की टेबलावरच्या बशा हलायच्या. झालं ते झालं. हर्मीना लहानपणापासून माझी मैत्रीण होती, ती पुढंही राहिली. तिच्या लग्नात केक मीच केला, आणि चांगला केला.

आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक ओढा आहे. माझं घर अलीकडे, तिचं पलीकडे, चढावर. तिच्या घरानंतर गाव संपतं, देवदारांचं रान लागतं आणि पायवाट वर खिंडीकडे जाते. खिंड ओलांडून जो कोणी खाली उतरतो त्याला पहिल्यांदा दिसते ती हर्मीनाची खिडकी. उन्हाळ्यात पाठीवर पिशव्या लावून फिरणारी पोरं येतात, हिवाळ्यात बर्फावरून घसरत येणारे येडे येतात, आणि वाट चुकलेले तर बाराही महिने.

त्यातल्या एकालाही तिनं कधी कोरडं जाऊ दिलं नाही. दारातच बूट काढायला लावायची. पाहुण्यांच्या सपातांची टोपलीच होती तिच्याकडे. एकदा घर मंत्रून द्यायला पाद्रीबाबा आले, ते म्हणाले, हर्मीना, मला गडबड आहे, तसाच येतो आत. ही म्हणाली, "देवाघरी तुम्ही सांगाल तसं, माझ्या घरी मी सांगेन तसं." पाद्रीबाबांनी निमूट जांभळ्या फुलांच्या सपाता घातल्या आणि त्या घालूनच सगळ्या खोल्यांत पवित्र पाणी शिंपडलं.

मग पाव आणि मीठ. ते झालं की आलुबुखारांची घरची दारू, स्लिवोवित्सा. पेल्याला पेला भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हा तिच्याकडे कायदाच होता. कुणी खाली बघत प्यायला तर ती त्याला पुन्हा प्यायला लावायची. "डोळे चोरतोस? काय लपवतोयस?" पहिला पेला उजव्या पायासाठी, दुसरा डाव्या पायासाठी, नाहीतर लंगडत जाशील म्हणायची. पेला रिकामा दिसला की ती भरणार. नको असेल तर भरलेला पेला तसाच राहू द्यायचा, मग कळतं की पाहुण्याचं पोट भरलं. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण परमुलखातल्याला काय कळतं? तो बिचारा सभ्यपणे पेला संपवायचा, ही प्रेमानं भरायची, आणि शेवटी त्याला बाकावर झोपवावं लागायचं.

मी तिला एकदा विचारलं, "अगं, काय खाणावळ काढलीयेस का? कोण कुठले हे लोक!" तेव्हा तिनं मला तिच्या बापाची गोष्ट सांगितली. लढाई संपल्यावर तो छावणीतून पायी घरी येत होता. अंगात ताप आणि पायांना चिंध्या. खिंडीपलीकडच्या गावात कुणा बाईनं त्याला दारातून आत घेतलं, कोबीचं आंबट सार पाजलं, चुलीपाशी निजवलं. त्या बाईचं नावही त्यानं विचारलं नाही. "तिनं दार उघडलं नसतं तर मी जन्मलेच नसते," हर्मीना म्हणाली. "आता बोल." 

या अशा बाईच्या घरी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळचं जेवण म्हणजे काय सोहळा असेल! मी एकटी, म्हणून मला तिथं कायमचं आमंत्रण. पहिली चांदणी दिसली की बसायचं. टेबलाच्या पायांना साखळी गुंडाळलेली, घर एकत्र राहावं म्हणून. कोपऱ्यांत अक्रोड टाकायचे, गेलेल्यांच्या नावानं. हर्मीना सगळ्यांच्या कपाळावर मधाचा क्रूस काढायची, मग मध-लसूण लावलेली पिठाची पातळ चकती खायची, मग सार, मग तळलेला मासा, मग खसखशीत घोळवलेले पावाचे गोळे. आणि टेबलाच्या टोकाला एक ताट जादा. वाटसरूचं. ते आमच्याकडे सगळेच मांडतात. त्या संध्याकाळी जो दार ठोठावेल, तो कोण, कुठला, हे विचारायचं नाही, त्याला बसवायचं.

पण आणखी एक रीत आहे. जेवण सुरू झालं की शेवटचा घास संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. जो मध्येच उठेल, तो पुढच्या वर्षी त्या टेबलाशी नसेल. काही घरांत मालकिणीला सूट असते, कारण कुणीतरी वाढायला हवं ना! हर्मीनाच्या घरी तीही नव्हती. ती पातेली, परात, बरणी, सगळं हाताशी स्टुलांवर मांडून घ्यायची आणि बसल्या जागेवरून वाढायची.

आता तुम्हीच बघा. वाटसरूचं ताट मांडायचं, आणि वाटसरू आला तर दार उघडायला कुणी उठायचं नाही. इतकी वर्षं कुणाच्या हे लक्षातच आलं नव्हतं, कारण त्या वेळी दार कुणी ठोठावलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी ठोठावलं.

आम्ही पाच जण होतो. हर्मीना, वेंडेलीन, त्यांची मुलगी पावलीना, तिचा नवरा मातेय आणि मी. सार नुकतंच वाढलं होतं. बाहेर बर्फ असा पडत होता की ओढा दिसेना. ठक ठक झालं आणि सगळ्यांचे चमचे थांबले.

"वारा असेल," मी म्हणाले.

"वारा असा तालात ठोठावतो होय?" वेंडेलीननं खुर्ची मागं सारली.

हर्मीनानं त्याची बाही पकडली. "बस खाली. उठायचं नाही. मातेय, हाक मार, म्हणावं दार लोट, उघडंच आहे."

मातेय ओरडला. पण ते दार थंडीत फुगून बसायचं, माहीत नसलेल्याला ते उघडायचं नाही. पुन्हा ठोठावलं, या वेळी हळू.

"अगं, माणूस गारठलाय बाहेर," वेंडेलीन म्हणाला. "ताट मांडायचं आणि ज्याच्यासाठी मांडलं त्याला बर्फात ठेवायचं, हे कुठलं शास्त्र?" आणि उठला की!

बाहेर योरिस नावाचा हॉलंडचा एक लांबडा पोरगा होता, भुवया पांढऱ्या झालेल्या, ओठ निळे. आता सांगताना हसू येतं. त्याला सपाता होईनात, टाचा बाहेर. कपाळावर मध लावल्यावर तो इतका दचकला की हर्मीनाचं बोट त्याच्या डोळ्यात गेलं. पेला संपवायचा, "धन्यवाद" म्हणायचा, हर्मीना भरायची. मासा येईपर्यंत तो आमच्या भाषेत गाऊ लागला होता, जी त्याला येत नव्हती. वेंडेलीननं त्याला वाढलं, त्याच्याशी पेले भिडवले, त्याचे पाय शेकले, आणि त्या धांदलीत त्याचं स्वतःचं सार तसंच राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. त्याचं पोस्टकार्डही आलं, ट्युलिपच्या फुलांचं. चांगला होता हो पोरगा, त्याचा काही दोष नाही.

शरदात, पानं पिवळी पडल्यावर, वेंडेलीनवर झाड पडलं. जन्मभर झाडं पाडणारा माणूस, झाड कुठं पडणार ते डोळे मिटून सांगायचा. मयताच्या जेवणाला सगळं गाव जमलं होतं. हर्मीना माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "तो उठला होता, ओत्का."

"गप," मी म्हणाले. "वेडबिड लागलं का तुला? झाड पडलं ते पडलं." पण मी ताट बाजूला सारलं.

त्यानंतरच्या ख्रिसमसला पावलीनाला सातवा महिना होता. चाळिशीला टेकलेली पोर, त्याआधी तीनदा पोट रिकामं झालेलं. हर्मीना तिला फुलासारखी जपत होती. टेबलाशी बसायच्या आधी ती सगळ्यांना म्हणाली, "काही झालं तरी तुम्ही कुणी हलायचं नाही. कळलं?" सफरचंद आडवं कापलं, आत स्वच्छ चांदणी निघाली, म्हणजे वर्ष निरोगी जाणार. आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. सार वाढलं, आणि दार वाजलं.

त्या दिवशी बर्फ पडत नव्हता. आभाळ मोकळं होतं. खिडकीतून पायवाट वरपर्यंत दिसत होती आणि तिच्यावर आम्ही बसेपर्यंत कुणीही नव्हतं. ठक ठक. तसंच, तालात. पावलीनाचा चेहरा उतरला.

"आई, बाबा असंच ठोठावायचे. हातात लाकडं असली की कोपरानं."

"जेव," हर्मीना म्हणाली. "खाली बघ आणि जेव."

आम्ही जेवलो. म्हणजे चमचे हलवले. दार वाजत राहिलं, जोरात नाही, चिडून नाही. दाराशी उभं राहायची सवय असलेल्या माणसासारखं, थोडं थांबून, पुन्हा. मी हर्मीनाकडे बघत होते. जिनं जन्मात कधी एका भिकाऱ्याला ताटकळत ठेवलं नाही, ती टेबलाची कड धरून बसली होती आणि तिची बोटं पांढरी पडली होती. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. एका बाजूला दाराबाहेरचा, एका बाजूला पोटातलं नातवंड. उठली तर ते आजीविना वाढणार. आणि ती उठली नाही तर पावलीना उठणार, कारण पावलीना रडायला लागली होती आणि तिचे दोन्ही हात खुर्चीवर टेकले होते.

"आई, मला नाही हे ऐकवत."

ती अर्धी उठणार तोच हर्मीनानं तिचे खांदे धरून तिला खाली दाबलं. आणि दाबता दाबता स्वतः उभी राहिली.

तिनं दार उघडलं. थंडी आत आली, मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. दारात कुणी नव्हतं. मला तरी कुणी दिसलं नाही. मातेयला नाही, पावलीनाला नाही. पण हर्मीना बाजूला सरकली, जसं आपण कुणाला आत येताना वाट देतो तसं. टोपलीतून सपाता काढल्या, तपकिरी, वेंडेलीनच्या, त्या जमिनीवर मांडल्या. मग वाटसरूची खुर्ची ओढली. खुर्ची करकरली.

"ये, बस," ती म्हणाली. "सार गरम आहे."

तिनं ताटात सार वाढलं. वाफ येत होती. बघता बघता वाफ थांबली आणि वर चरबीचा पांढरा थर धरला. मासा वाढला, तो तसाच कडक झाला. तिनं पेला भरला, आपला उचलला, भिडवला, आणि समोर बघितलं. रिकाम्या हवेत बघताना नजर कशी भिरभिरते, तशी तिची भिरभिरली नाही. एका जागी ठरली. बसलेल्या उंच माणसाचे डोळे जिथं येतील तिथं. ती हसली आणि तिच्या गालावरून पाणी वाहायला लागलं.

मला तो दिसला नाही. खरं सांगते, मला भीतीपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. इतक्या वर्षांनीसुद्धा तो तिच्याचसाठी आला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. ती पुन्हा पुन्हा वाढत होती, हळू आवाजात बोलत होती, गाईचं, छपराचं, पावलीनाच्या दिवसांचं. मग तिनं पुन्हा पेला भरला आणि थांबून राहिली. पेला तसाच भरलेला राहिला. "झालं का पोट भरून?" तिनं विचारलं. खुर्ची करकरली. ती दारापर्यंत गेली, बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली, मग तिनं दार लावून घेतलं. तपकिरी सपाता दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या, आणि त्या आतून ओल्या होत्या. मी स्वतः हात घालून पाहिलं.

भांडी घासताना मी तिला गाठलं. "कोण होतं?"

"कोण म्हणजे? तुला माहितीये की. उपाशी होता गं. गेल्या वर्षी सार तसंच टाकून उठला होता ना, ते राहिलं होतं त्याचं."

"आणि तू? तू खाल्लंस का? तुझं ताट बघ, तसंच्या तसं आहे! जा, बस, आत्ताच्या आत्ता जेव!"

"पाहुण्याला वाढताना मी कधी जेवलेय?" ती म्हणाली. मग तिच्याही लक्षात आलं. हातातली बशी तिनं पाण्यात सोडली. सगळ्यांची जेवणं तोवर आटोपली होती, मेणबत्ती विझवलेली होती, आणि ती विझली की जेवण संपलं. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नातवंडाचं तोंड तरी बघेन ना गं?"

"बघशील, बघशील," मी म्हणाले. "त्याचं लग्नसुद्धा बघशील, मेले, आणि त्यात मला नाचायला लावशील."

फेब्रुवारीत युलिया झाली. गुटगुटीत, आवाज असा की ओढ्यापलीकडे मला ऐकू यायचा. हर्मीनानं त्या वर्षात जे लाड केले ते मी सांगू नये. वर्षभर ती ठणठणीत होती. मीच दर सकाळी खिडकीतून तिच्या धुराड्याकडे बघायची, धूर निघाला की माझ्या जिवात जीव यायचा. उन्हाळ्यात वाटसरू आले, तिनं त्यांना खाऊ घातलं, पाजलं, डोळ्यांत बघायला लावलं. मला वाटायला लागलं, गेलं संकट. पोरगी बसायला लागली, रांगायला लागली. नोव्हेंबरच्या शेवटी एका सकाळी धूर दिसला नाही. हर्मीना पाव मळता मळता गेली होती. परातीवर ओणवी, हात मनगटापर्यंत पिठात. आम्हीच तिला तयार केलं, मी आणि पावलीनानं. चांगला काळा पोशाख घातला, पातळ मोजे घातले, बाहेर पडताना घालायची तसे.

महिन्याभरानं ख्रिसमस. मी पावलीनाला म्हटलं, "या वर्षी ताट मांडू नको."

"मावशी, आईच्या घरात ताट नाही मांडायचं?"

"नको ना गं राणी. ऐक माझं."

तिनं मांडलं. आईची मुलगी ती, दुसरं काय करणार! आम्ही बसलो. मातेयच्या मांडीवर युलिया होती, तिच्या कपाळावरचा मध ती हातानं पुसून चाटत होती. मी देवाची करुणा भाकत होते. सार वाढून झालं आणि ठक ठक.

मातेयनं युलियाला पावलीनाकडे दिलं.  तो गरीब स्वभावाचा, अबोल, पण त्याच्या तोंडावर मला दिसलं की त्यानं ठरवलंय. इतका तरुण बाप! मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं रेटलं. "बसा जावईबापू. तुमचं काय काम आहे तिथं? माझी मैत्रीण आहे ती." आणि उठले. टेबल धरत धरत दारापर्यंत गेले.

दार उघडलं. दारात हर्मीना उभी होती.

केसांवर बर्फ होता आणि तो वितळत नव्हता. आम्ही घातलेला काळा पोशाख. हातपाय जुळवून, खाली बघत, एका बाजूला उभी. आत ये म्हणायची वाट बघत होती, स्वतःच्याच घरात. माझं भय कुठल्या कुठं पळालं. "ये बाई, ये, अशी बाहेर काय उभी राहतेस," मी म्हणाले आणि मला रडू कोसळलं.

ती बसली. आणि जेवली. मी तिला इतक्या वर्षांत असं बसून जेवताना कधी पाहिलं नव्हतं, दोन्ही हातांनी, मान खाली घालून, शाळेत पोरं सहलीवरून आल्यावर जेवायची तशी. मी वाढत राहिले. पावलीना आणि मातेयला काही दिसत नव्हतं, ते माझ्याकडे बघत होते. पावलीना हुंदके देत म्हणत होती, "मावशी, कशी आहे ती? सांग ना, कशी आहे?"

"भूक लागलीये तिला," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. युलिया तिच्या समोरच होती, बडबडत होती, चमचा आपटत होती. हर्मीनानं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही. मान वळायची, अर्ध्यावर यायची, आणि हर्मीना जोर लावून ती परत ताटाकडे फिरवायची. पेले भिडवले तेव्हाही ती फक्त माझ्या डोळ्यांत बघत होती. त्या डोळ्यांत मी काय पाहिलं ते मी कुणाला सांगणार नाही, पण ती नातीकडे का बघत नव्हती ते मला कळलं. बघितलं असतं तर तिला एकटीला परत जाववलं नसतं.

पेला भरलेला सोडून ती उठली. दाराशी मी तिचा हात धरला, तो हात नव्हता, ओढ्यातला दगड होता. ती माझ्याकडे वळली आणि अगदी नेहमीच्या आवाजात, बाजाराला निघताना सांगावं तसं म्हणाली, "ओत्का, येताना लोकरीचे मोजे घालून ये. पाय फार गार पडतात."

ती गेल्यावर मी टेबलाशी परत आले आणि माझं सगळं जेवण जेवले. गार सार, गार मासा, खसखशीचा दाणा न् दाणा. पावलीना आणि मातेय मेणबत्ती न विझवता माझ्यासाठी बसून राहिले. मला वाटलं, मी शहाणी, मी ताट अर्धं टाकलं नाही, मला काही होणार नाही. पण रीत उठण्याची आहे, आणि मी उठले होते.

आता पुन्हा नोव्हेंबर आहे. माझी तब्येत उत्तम आहे, डॉक्टर म्हणतो, ओतीलियाबाई, तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवाल. हर्मीनालाही तेच म्हणाला होता, गाढव. परवा मी ओढा ओलांडून पावलीनाकडे गेले. युलिया आता घरभर पळते, तिला धरून ठेवावं लागतं. मी पावलीनाला समोर बसवलं आणि सांगितलं, "ऐक. या ख्रिसमसला तुम्ही तिघं मातेयच्या आईकडे शहरात जा. घराला कुलूप लावा. ताट मांडू नका, दिवा लावू नका. कळलं? पोरीचा बाप आणि आई दोघं टेबलाशी राहिली पाहिजेत. कुणीतरी हे थांबवायला हवं, ते मी थांबवते. मी ठोठावीन, ठोठावीन आणि जाईन निघून."

पावलीना युलियाच्या झग्याची गुंडी लावत राहिली. मग वर बघून म्हणाली, "आणि मावशी, तू दाराशी उभी राहशील, उपाशी, त्या थंडीत, आणि आत अंधार असेल. हे मी करू तुझ्याशी?"

मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हणाले, आईवर गेलीस म्हणाले, पोरीचा तरी विचार कर म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं, आणि मग मला जेवून जा म्हणाली.

मी जेवले. घरी येऊन पुन्हा जेवले. हल्ली मी सारखी जेवते. भूक नसते, घशाशी येतं, तरी पुन्हा वाढून घेते, आणि रात्री निजताना उशाशी पाव ठेवते. इतक्या भरल्या पोटानं गेले, तर कदाचित मला त्या दाराशी यावं लागणार नाही.